औंधचे कै. श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी

मंदिराचा जीर्णोद्धार म्हटला की जुने उतरते आणि नवे चढते. कोरीव खांब, गणेशपट्टी, पितळी समया, घंटा असे कितीतरी सामान बाहेर निघते. त्यातले काय ठेवायचे आणि काय मोडीत घालायचे, हा प्रश्न पंचमंडळींपुढे उभा राहतो. अशा वेळी आपल्याच मुलखातल्या एका रसिक राजाचे स्मरण होणे साहजिक आहे.

श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. घराणे मूळचे किन्हईचे, कुलस्वामिनी औंधची श्रीयमाई. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते पदवीधर झाले व १९०९ साली औंधच्या गादीवर बसले. संस्थान लहान, अवघे बहात्तर गावांचे, आणि तेही विखुरलेले. राजधानी औंध सातारा भागात, तर आटपाडी आणि कुंडल हे मुलूख आजच्या सांगली जिल्ह्यात. उत्पन्न बेताचेच. परंतु मनाचा मोठेपणा उत्पन्नावर अवलंबून नसतो, हे या राजाने दाखवून दिले.

बाळासाहेब स्वतः उत्तम चित्रकार होते. रामायणातील प्रसंगांवर त्यांनी काढलेली चित्रे १९१६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ते कीर्तनही करीत. सूर्यनमस्काराचा नेम त्यांनी स्वतः पाळला आणि शाळाशाळांतून मुलामुलींना लावला. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती, तेव्हा त्यांनी कुंडलजवळची माळजमीन दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली.

मात्र त्यांचा खरा ध्यास होता तो सुंदर वस्तूंच्या संग्रहाचा. पहाडी, राजस्थानी, मोगल, मराठा अशा नाना शैलींची जुनी चित्रे त्यांनी मिळविली. राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे घेतली. त्यांच्या जोडीला हस्तिदंतावरील नक्षी, चंदनाचे कोरीव काम, लाकडी व धातूच्या मूर्ती जमविल्या. हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचे माय-लेकराचे शिल्पही या संग्रहात आहे. नामवंताचे चित्र आणि ज्याचे नावही कोणी लिहून ठेवले नाही अशा कारागिराची वस्तू, दोन्ही एकाच छताखाली आदराने मांडली गेली.

एवढे धन राजवाड्यात कुलूपबंद ठेवता आले असते. बाळासाहेबांनी तसे केले नाही. श्रीयमाईच्या मूळपीठाच्या डोंगरावर, निम्म्या चढावर त्यांनी १९३८ साली श्रीभवानी वस्तुसंग्रहालय सुरू केले. जागेची ही निवडच त्यांचे मन सांगते. देवीला निघालेला शेतकरी, माहेरवाशीण, शाळकरी पोर वाटेत घडीभर थांबतील आणि राजाने जे पाहिले तेच त्यांनाही पाहायला मिळेल, अशी ती सोय होती. देवदर्शन आणि कलादर्शन यांची वाट एकच झाली.

त्याच सुमारास त्यांनी राज्यकारभारही प्रजेच्या हाती सोपविण्याचे ठरविले. महात्मा गांधींच्या सल्ल्याने १९३९ साली औंधात ग्रामपंचायतींवर आधारलेली स्वराज्याची घटना लागू झाली. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेबांनी देह ठेवला. गादी गेली, पण संग्रह राहिला. आज महाराष्ट्र शासनाचे पुरातत्त्व खाते त्याची देखभाल करते.

राजाकडे पैसा होता म्हणून हे जमले, असे कोणी म्हणेल. पण पुण्याचे कै. दिनकर केळकर (१८९६ ते १९९०) राजे नव्हते. त्यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, भांडी, कोरीव दारे अशा घरगुती वस्तू गोळा केल्या आणि आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाने पुण्यात संग्रहालय उभे केले. लोकांनी अडगळ म्हणून काढलेल्या वस्तू पाहायला आज देशोदेशींची माणसे तेथे येतात.

तेव्हा आपल्यापुरते एवढे करता येईल. खांब उतरवण्याआधी त्याचा फोटो काढावा. तो कोठे होता, कोणी अर्पण केला होता, हे वयस्कर मंडळींना विचारून वहीत लिहून ठेवावे. समई काळी पडली असेल, पण फुटलेली नसेल, तर भंगाराच्या तराजूत घालू नये. तिथे तिला पितळेचा भाव मिळतो. ज्या कारागिराने रात्री जागून ती घडवली त्याच्या हाताला तिथे मोल नाही. सभामंडपाच्या एका कोपऱ्यात काचेचे एक कपाट पुरेसे आहे.

नव्या शिखरासाठी ज्यांनी सढळ हाताने देणगी दिली, त्यांची नावे फरशीवर कोरली जातील. पण जुने देऊळ ज्यांनी घडविले त्यांची नावे कोठेच नाहीत. त्यांनी घडविलेली वस्तू जपणे, हीच त्यांची आठवण. औंधच्या डोंगरावर बाळासाहेबांनी तेच केले. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!