बलराज साहनी : कष्टकऱ्याकडून शिकलेला कलावंत

बलराज साहनी यांचा जन्म १ मे १९१३ चा, म्हणजे कामगार दिनाचा. गाव रावळपिंडी, घर सुखवस्तू. लाहोरला इंग्रजीत एम. ए. झाल्यावर त्यांनी शांतिनिकेतनात शिकवले, काही काळ वर्ध्याजवळ सेवाग्रामला काम केले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनला बीबीसीच्या हिंदी विभागात नोकरी केली.

१९४४ मध्ये परतल्यावर ते मुंबईत इप्टा या जननाट्य चळवळीत आले. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांची शाहिरीही याच चळवळीतली. बंगालच्या दुष्काळावरच्या 'धरती के लाल' (१९४६) मध्ये बलराज आणि त्यांच्या पत्नी दमयंती या दोघांनी काम केले. पुढच्याच वर्षी दमयंती गेल्या. कम्युनिस्ट विचारांमुळे बलराज यांना तुरुंगवासही घडला. 'हलचल'च्या चित्रीकरणासाठी त्यांना तुरुंगातून आणावे लागे. १९५१ मध्येच गुरुदत्त यांच्या 'बाझी'ची पटकथा त्यांनी लिहिली.

खरी कसोटी लागली 'दो बिघा जमीन' (१९५३) मध्ये. कर्जापायी जमीन जाऊ नये म्हणून कलकत्त्यात रिक्षा ओढणारा शेतकरी शंभू त्यांना साकारायचा होता. हा साहेबी थाटाचा माणूस शेतकरी कसा वाटणार, अशी शंका अनेकांना होती. बलराज यांनी जोगेश्वरीत उत्तर भारतीय दूधवाल्यांमध्ये बसून त्यांचे बोलणे-चालणे टिपले आणि कलकत्त्यात स्वतः हातरिक्षा ओढली. तिथे भेटलेल्या एका रिक्षावाल्याची कहाणी थेट शंभूसारखीच निघाली. त्यानंतर अभिनयाचे पुस्तकी धडे त्यांनी बाजूला ठेवले. पुढे हा चित्रपट कान महोत्सवातही गौरवला गेला.

या चित्रपटात सावकारी आणि जमीनदारी दिसते, पण जातीचा प्रश्न थेट येत नाही. ही मर्यादा आम्हाला जाणवते. ज्यांचे दुःख त्यांनीच ते मांडावे, हा आग्रह आपण सोडू नये. मात्र बाहेरच्या माणसाने मांडायचेच ठरवले, तर आधी काय करावे, हे बलराज यांनी दाखवले.

फाळणीनंतर भारतात राहिलेल्या मुस्लिम कुटुंबाची व्यथा सांगणारा 'गर्म हवा' हा त्यांच्या शेवटच्या चित्रपटांपैकी एक. त्याचे ध्वनिमुद्रण आटोपून ते १३ एप्रिल १९७३ रोजी, भीमजयंतीच्या आदल्या दिवशी, गेले. वस्तीत सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन शिरणाऱ्या आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी 'दो बिघा जमीन' एकदा तरी पाहावा. फॉर्म भरण्याआधी माणसाजवळ बसावे लागते.