चिकाटीचे रोप



मागच्या सत्रात आम्ही सर्व मुलांना परिसरातील झाडांवर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या होत्या. शुक्रवारी वह्या तपासल्या, तर बहुतेकांनी खजूर, कडुनिंब आणि बोगनवेल एवढ्यावरच भागवले होते. शेवटी जवळजवळ प्रत्येकाने एकच वाक्य लिहिले होते, की बाकी सगळी वाळूच आहे. यात मुलांची चूक नव्हती. आम्हा मोठ्यांना तरी त्यापुढची नावे कुठे येत होती? गाडीच्या खिडकीतून दिसणाऱ्या झुडपांना आम्ही इतकी वर्षे नुसते झुडूपच म्हणत आलो आहोत.

म्हणून या अंकात आम्ही एका माणसाची गोष्ट सांगणार आहोत. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी तो आपल्या या जेद्दा शहरात आला होता आणि दिसेल त्या झाडाचे, माशाचे नाव तो इथल्या लोकांना विचारत असे. त्याचे नाव पेटर फोर्सकोल.

फोर्सकोलचा जन्म ११ जानेवारी १७३२ रोजी हेलसिंकी येथे झाला. हे शहर आज फिनलंडची राजधानी आहे, पण तेव्हा ते स्वीडनच्या राज्यात होते. वडील धर्मोपदेशक होते. मुलगा अतिशय हुशार. उपसाला येथील विद्यापीठात त्याला कार्ल लिनियस हे गुरू लाभले. प्रत्येक सजीवाला दोन शब्दांचे शास्त्रीय नाव देण्याची जी पद्धत तुम्ही शाळेत शिकता, ती याच लिनियसने रूढ केली. पहिला शब्द म्हणजे जणू आडनाव आणि दुसरा त्या जातीचे स्वतःचे नाव. जगात कुठेही गेले तरी ते नाव बदलत नाही.

फोर्सकोल हुशार होता तसाच हट्टीही होता. १७५९ साली त्याने नागरिकांच्या स्वातंत्र्यावर एक छोटी पुस्तिका छापली. लोकांना आपले विचार लिहिण्याची व छापण्याची मोकळीक हवी, असे त्याचे म्हणणे होते. सरकारने पुस्तिकेवर बंदी घातली. गंमत अशी की वाटलेल्या प्रती परत गोळा करण्याचे काम विद्यापीठाचे प्रमुख म्हणून खुद्द लिनियसकडे आले! पाचशेपैकी फारच थोड्या प्रती परत मिळाल्या. पुढे १७६६ साली स्वीडनमध्ये छपाईच्या स्वातंत्र्याचा कायदा झाला, पण तो पाहायला फोर्सकोल जिवंत नव्हता.

त्याच सुमारास डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याने अरबस्तानात एक अभ्यासमोहीम पाठवायचे ठरवले. फॉन हावेन हा भाषांचा अभ्यासक, कार्स्टेन नीबूर हा नकाशे काढणारा, क्रामर हा डॉक्टर, बाउरेनफाइंड हा चित्रकार, बेर्गग्रेन हा त्यांचा सेवक आणि वनस्पती व प्राणी यांच्या अभ्यासासाठी आपला फोर्सकोल, असे सहा जण निवडले गेले. जानेवारी १७६१ मध्ये त्यांचे जहाज कोपनहेगनहून निघाले.

वाटेत ते इजिप्तमध्ये जवळजवळ वर्षभर राहिले. फोर्सकोलने तिथे अरबी भाषा चांगली आत्मसात केली. गरीब माणसासारखे साधे कपडे घालून तो झाडे शोधत हिंडायचा. एकदा लुटारूंनी त्याला गाठले, तेव्हा अंगावरचे कपडेसुद्धा गेले. तरी पुन्हा दुसऱ्या फेरीला तो तयार!

ऑक्टोबर १७६२ च्या अखेरीस हे सहा जण सुएझहून यात्रेकरूंच्या जहाजाने जेद्दाला पोचले. तेव्हा सौदी अरेबिया हा देश झालेला नव्हता. जेद्दावर तुर्की सुलतानाचा अंमल होता. आपले स्वागत कसे होईल याची प्रवाशांना धास्ती होती, पण इथले लोक चांगुलपणाने वागले. सुमारे सहा आठवडे ते इथे राहिले.

तांबड्या समुद्राच्या या प्रवासात फोर्सकोलने माशांचाही खूप अभ्यास केला. कोळ्यांना नावे विचारायची आणि तीच लिहून घ्यायची, ही त्याची रीत. जेद्दाच्या मासळीबाजारात मिळणाऱ्या बोहार आणि हरक या माशांची शास्त्रीय नावे पाहा. त्यांतला दुसरा शब्द अनुक्रमे बोहार आणि हरक असाच आहे! मासे टिकवण्यासाठी तो त्यांची अर्ध्या बाजूची कातडी सोलून वाळवायचा आणि आपण वहीत पान दाबून ठेवतो तशी कागदावर चिकटवायचा. त्याचे असे मासे कोपनहेगनच्या संग्रहालयात अजून जपलेले आहेत.

झाडांच्या बाबतीतही तसेच. वाळवंटाच्या कडेला फांद्यांचा नुसता हिरवा झुबका दिसतो, त्या झुडपाला अरबीत मर्ख म्हणतात. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन फोर्सकोलने केले. पानांतून पाणी उडून जाते, म्हणून या झुडपाने पाने जवळजवळ सोडूनच दिली आहेत आणि अन्न तयार करण्याचे काम हिरव्या फांद्यांवर सोपवले आहे. आपल्याकडे सोलापूर, मराठवाडा भागातल्या माळरानावर नेपती नावाचे काटेरी झुडूप असते, तेही असेच करते. कोवळ्या फांदीवर थोडे दिवस बारीक पाने येतात आणि गळून जातात. नेपतीचेही पहिले वर्णन फोर्सकोलचेच. सोदाद हे तिचे अरबी नाव घेऊन त्याने तिला सोदादा असे नाव दिले होते.

आता सर्वांत जवळची ओळख. गेल्या हिवाळ्यात आपला वर्ग थुवलच्या किनाऱ्यावर सहलीला गेला होता. तिथे खाऱ्या पाण्यात उभी असलेली झाडे पाहून आमच्यातल्या एक आई, ज्या मूळच्या उरणच्या, एकदम म्हणाल्या की ही तर आमची तिवरे! आम्हाला खरे वाटेना. पण ते खरेच होते. मुंबई, ठाणे, उरणच्या खाडीकाठची तिवर आणि तांबड्या समुद्राची शुरा ही एकच जात. चिखलात हवा नसते, म्हणून या झाडाची मुळे पेन्सिलीसारखी उभी वर येऊन श्वास घेतात. पाण्याबरोबर आत आलेले जास्तीचे मीठ पाने बाहेर टाकतात. पानाला जीभ लावून पाहणाऱ्या मुलांना ते चांगलेच कळले होते!

या झाडाचे शास्त्रीय नाव अॅव्हिसेनिया मरीना. पहिला शब्द लिनियसने थोर वैद्य इब्न सिना यांच्या स्मरणार्थ दिला. दुसरा शब्द, म्हणजे समुद्राची, हा फोर्सकोलचा. त्याने शुरा या अरबी नावावरून पहिला शब्दही दिला होता, पण पुढच्या शास्त्रज्ञांनी हे झाड इब्न सिनांच्या कुळात घातले आणि फोर्सकोलचा दुसरा शब्द मात्र ठेवला. खाऱ्या जमिनीतल्या, जाड रसाळ पानांच्या सुएडा या झुडपाचे नाव मात्र त्याने अरबीतून घेतले तसेच आजही चालते.

डिसेंबर १७६२ मध्ये मंडळी जेद्दाहून येमेनकडे निघाली. लुहय्या गावी फोर्सकोलने तिथल्या लोकांना सूक्ष्मदर्शकाखाली एक ऊ दाखवली. ती पाहून एक नोकर म्हणाला, की एवढी मोठी ऊ अरबस्तानातली असूच शकत नाही, ती नक्की युरोपातूनच आली असणार! पुढे मोखा बंदरावर मात्र पंचाईत झाली. जकातीच्या लोकांनी स्पिरिटात ठेवलेल्या प्राण्यांच्या बरण्या उघडल्या आणि इतका घाण वास सुटला की सगळे भडकले. विमानतळावर लोणच्याच्या बरणीची आपल्याला जी धाकधूक असते, ती आठवा म्हणजे कल्पना येईल.

येमेनच्या कॉफीच्या डोंगरात फोर्सकोल गाढवावर बसून आणि पायी हिंडला. झाड कुठल्या गावाजवळ सापडले आणि डोंगराच्या पायथ्याशी, मध्यावर की माथ्याजवळ सापडले, हेही तो लिहून ठेवी. उंची बदलली की झाडे बदलतात, हे त्याने नीट पाहिले होते. झाड आणि त्याची जागा यांचा एकत्र विचार करणे, यालाच आपण आज परिसरशास्त्र म्हणतो. लिनियसला हवे असलेले मक्केच्या बलसानाचे सुगंधी झाडही त्याला तिथे सापडले आणि त्याची फुलांसह डहाळी त्याने पत्रातून गुरूला पाठवली.

पण मे १७६३ मध्ये फॉन हावेन मोख्याला तापाने गेला. मग फोर्सकोल आजारी पडला. साना शहराकडे जाताना यरीम गावी ११ जुलै १७६३ रोजी तो वारला. वय अवघे एकतीस. तो आजार हिवताप होता. हिवतापाचे जंतू डासाच्या अंगात असतात हे रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला शोधून काढायला १८९७ साल उजाडले. फोर्सकोलच्या सोबत्यांना ते कसे कळणार?

उरलेले चौघे मुंबईला जाणाऱ्या जहाजात बसले. चित्रकार आणि सेवक समुद्रातच गेले. फेब्रुवारी १७६४ मध्ये डॉक्टर मुंबईत वारला. राहिला एकटा नीबूर. त्याने मुंबईच्या मुक्कामात घारापुरीच्या लेण्यांची मापे घेतली, चित्रे काढली आणि मग इराण, बगदादमार्गे १७६७ साली तो कोपनहेगनला पोचला.

तिथे काय झाले होते? मोठ्या कष्टाने जमवलेल्या नमुन्यांपैकी बरेच दुर्लक्षामुळे खराब झाले होते. नीबूर वनस्पतींचा जाणकार नव्हता. पण मित्राने जिवावर उदार होऊन लिहिलेले कागद वाया जाऊ द्यायचे नाहीत, हे त्याने ठरवले. ते कागद लावून घेऊन १७७५ साली त्याने फोर्सकोलची प्राण्यांवरची आणि वनस्पतींवरची पुस्तके प्रसिद्ध केली. नीबूर नसता तर बोहार, हरक, मर्ख आणि शुरा यांची नावे विचारणारा हा तरुण कोणालाच माहीत झाला नसता.

आणि गुरू? लिनियसने एका वाळवंटी रोपाला फोर्सकोलचे नाव दिले. हे रोप आपल्या सौदी अरेबियातही उगवते. त्याच्या अंगावरचे आकड्यांसारखे केस कपड्याला चिकटतात आणि सहज सुटत नाहीत. नावातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच आहे अतिशय चिवट. मराठीत चिकट आणि चिकाटी हे शब्द एकमेकांच्या किती जवळचे आहेत ते पाहा! शिष्याचा स्वभाव गुरूने बरोबर ओळखला होता.

फोर्सकोल इथला नव्हता. आपणही इथले नाही, कामासाठी काही वर्षे राहायला आलेले आहोत. पण त्याने ही वाळू आहे असे म्हणून वही मिटली नाही. ज्यांना माहीत होते त्या कोळ्यांना, शेतकऱ्यांना त्यांच्याच भाषेत विचारले. आम्हाला वाटते, ज्या झाडाचे नाव आपल्याला येते ते झाड आपल्याला परके राहत नाही. मग ती भूमी कोणतीही असो. म्हणून आता आम्ही पालकही मुलांबरोबर वही घेऊन बसणार आहोत.

करून पाहा

१. वहीत तीन रकाने आखा: अरबी नाव, मराठी नाव, शास्त्रीय नाव. घराजवळची किंवा सहलीत दिसलेली पाच झाडे लिहा. अरबी नाव माळीकाकांना, शेजाऱ्यांना किंवा शाळेतल्या मित्राला विचारा. एखादा रकाना रिकामा राहिला तरी चालेल.

२. प्रत्येक झाडापुढे तारीख आणि जागा लिहा: रस्त्याकडेला, ओढ्याच्या कोरड्या पात्रात, डोंगरावर की समुद्राकाठी?

३. झाड उपटू नका. खाली पडलेले पान घ्या आणि जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवा.

४. सुट्टीत घरी गेलात की हीच वही आजी-आजोबांपुढे ठेवा. मराठी नावांचा रकाना त्यांच्याकडून भरून आणा. सुट्टीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी सगळ्या वह्या वर्गात मांडू.