सूर्याच्या अंतरंगाचे गणित देणारे गिरणीमालक : जॉर्ज ग्रीन

नवी दिल्ली, ३१ मे : सूर्याच्या पृष्ठाखालील हालचालींचा वेध ज्या गणिताच्या आधारे घेतला जातो, त्याचा पाया घालणारे इंग्लिश गणितज्ञ जॉर्ज ग्रीन यांचा आज स्मृतिदिन. १८४१ मध्ये वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा मुख्य प्रबंध विद्वानांनाही जवळजवळ अपरिचित होता.

ग्रीन यांचा जन्म १७९३ मध्ये नॉटिंगहॅम येथे झाला. वडिलांची बेकरी होती. जेमतेम वर्षभर शाळेत गेल्यावर ते वडिलांच्या हाताखाली कामाला लागले. पुढे वडिलांनी स्नेंटन येथे पवनचक्कीवर चालणारी पिठाची गिरणी उभारली आणि तिचा भार ग्रीन यांच्यावर आला. काम सांभाळून त्यांनी उच्च गणिताचा अभ्यास केला. १८२८ मध्ये वीज व चुंबकत्वावरील प्रबंध त्यांनी वर्गणीदारांच्या बळावर छापला. वर्गणीदार पन्नासच्या आसपास होते; त्यांपैकी बहुतेकांना तो समजण्याजोगा नव्हता.

त्या प्रबंधातील कल्पना आज ‘ग्रीन फलन’ म्हणून ओळखली जाते. एका बिंदूवरील क्रियेचा दुसऱ्या बिंदूवर काय परिणाम होतो, हे ते फलन सांगते. ते एकदा हाती आले की असंख्य उगमांचा एकत्रित परिणाम बेरजेने काढता येतो.

वर्गणीदारांपैकी एडवर्ड ब्रॉमहेड यांनी ही योग्यता ओळखली. त्यांच्या प्रोत्साहनाने ग्रीन चाळिसाव्या वर्षी केंब्रिजमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले व गणिताच्या पदवी परीक्षेत चौथे आले. १८३९ मध्ये त्यांना तेथील फेलोशिपही मिळाली. परंतु प्रकृती ढासळल्याने ते गावी परतले. १८४५ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्या हाती तो प्रबंध पडला. त्यांनी तो पॅरिसच्या गणितज्ञांना दाखवला आणि नंतर बर्लिनच्या नियतकालिकात पुन्हा छापून आणला.

सूर्याच्या पोटातील दृश्य दुर्बिणीला दिसत नाही. मात्र तेथील ध्वनिलहरींनी पृष्ठ सतत कंप पावत असते. पृष्ठालगतच्या खळबळत्या वायूतून त्या विनाक्रम उठतात. कोणती लहर केव्हा व कोठून निघाली, हे सांगता येत नाही. तरीही दोन ठिकाणच्या कंपनांच्या दीर्घ नोंदी परस्परांशी ताडल्या, तर गोंगाटातून ग्रीन फलनाशी निगडित असा संकेत उरतो. पहिल्या ठिकाणी निघालेल्या लहरीला दुसऱ्या ठिकाणी पोहोचण्यास लागणारा वेळ त्यावरून कळतो. या वेळेतील सूक्ष्म फरकांवरून आतील तापमान व प्रवाह यांचा अंदाज येतो. टॉम ड्युवाल व सहकाऱ्यांनी ही पद्धत १९९३ मध्ये मांडली. त्याच वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये ग्रीन यांचे स्मृतिचिन्ह बसवण्यात आले.

सूर्याची अशी कंपने टिपणाऱ्या ‘गाँग’ या जागतिक जाळ्याच्या सहा केंद्रांपैकी एक राजस्थानातील उदयपूर येथे आहे. ग्रीन यांची स्नेंटनची गिरणी दुरुस्त करून जतन करण्यात आली असून तेथे विज्ञान केंद्र चालते. ग्रीन यांचे एकही चित्र मात्र उपलब्ध नाही.