नव्या नर्सला शिकवायचं कोणी? नाइटिंगेल यांनी काय केलं?

फ्लोरेन्स नाइटिंगेल (1820-1910) म्हटलं की हातातला दिवा आठवतो. पण क्रिमियाच्या युद्धाहून परतल्यावर त्यांनी उभं केलेलं काम त्याहून मोठं. लोकवर्गणीच्या निधीतून 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंग शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत 15 जणी होत्या.

शिक्षण वर्षभराचं, तेही वॉर्डातच. वॉर्डाची सिस्टर हीच शिक्षिका. त्याचे तिला निधीतून वेगळे पैसे मिळत. प्रत्येकीच्या कामाची आणि वागणुकीची दरमहा नोंद होई. कागदावर सगळं चोख! प्रत्यक्षात कामाच्या रगाड्यात सिस्टरला शिकवायला सवड नसे आणि नव्या मुली स्वस्तातले कामगार ठरत. आजच्या नर्सनाही हे ओळखीचं वाटेल.

हे कळल्यावर 1870 च्या दशकात नाइटिंगेल यांनी स्वतः लक्ष घातलं. मुलींच्या निवासात स्वतंत्र 'होम सिस्टर' आली. अभ्यास घेणं तिच्याकडे. प्रकृतीमुळे नाइटिंगेल फारशा बाहेर पडत नसत. म्हणून त्या मुलींना एकेकीला घरी चहाला बोलावत, वॉर्डात नेमकं काय शिकवलं हे खोदून विचारत आणि टिपून ठेवत. पुढे दूरच्या रुग्णालयांत रुजू झालेल्यांनाही त्यांची सल्ल्याची पत्रं जात.