विश्लेषण : महात्मा फुले नगरपालिकेत कोणत्या खर्चांना विरोध करत होते आणि का?

पालिकेच्या तिजोरीत मोजकाच पैसा आहे. तो आधी शाळेवर खर्च करायचा, पाण्यावर, बाजारावर की पाहुण्यांच्या स्वागतावर? प्रत्येक शहराच्या अंदाजपत्रकात हा वाद असतो. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी पुणे नगरपालिकेत तो ठामपणे मांडणारे एक सदस्य होते जोतिराव फुले. मुलींची शाळा आणि सत्यशोधक समाज यांमुळे फुले घरोघरी ठाऊक आहेत. नगरपालिकेतील त्यांच्या कामाची चर्चा मात्र कमी होते.

नगरपालिकेत येण्यापूर्वीचे फुले

जोतिरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराण्याचा व्यवसाय फुलांचा आणि त्यावरूनच फुले हे आडनाव रूढ झाले. स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिक्षण झाल्यावर १८४८ मध्ये त्यांनी पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. पुढे अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. सार्वजनिक पाणवठे ज्यांना बंद होते त्यांच्यासाठी १८६८ मध्ये जोतिरावांनी आपल्या घराचा हौद खुला केला. १८७३ मध्ये त्यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला.

याच काळात ते कंत्राटदार म्हणूनही काम करत. खडकवासला धरणाच्या बांधकामासाठी त्यांनी दगड पुरवला होता. सरकारी कामांवर पैसा कसा खर्च होतो आणि मजुरांच्या हाती त्यातले किती पडते, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

त्या वेळची नगरपालिका कशी होती?

पुणे नगरपालिका १८५७ च्या उठावाच्या सुमारास अस्तित्वात आली. १८७६ मध्ये फुले सदस्य झाले तेव्हा नागरिकांनी मतदान करून सदस्य निवडण्याची पद्धत नव्हती. सरकार सदस्य नेमत असे. त्यांत गोरे अधिकारी आणि शहरातील प्रतिष्ठित मंडळी असत. फुलेही नेमलेलेच सदस्य होते. ज्यांनी नेमले त्यांना न आवडणारे बोलण्यात धोका होता. सरकारी कामे घेणाऱ्या माणसाला तर तो अधिकच होता.

नगरपालिकेचे मोठे उत्पन्न जकातीचे होते. शहरात येणाऱ्या मालावर ती बसे आणि तिचा भार अखेर गरिबाच्या शिध्यावर आणि शेतकऱ्याच्या मालावर पडे. पैसा कोणाकडून गोळा झाला आणि तो कोणाच्या उपयोगी पडला, असा हिशेब फुले मांडत राहिले. त्याचे मूळ या करपद्धतीत आहे.

लॉर्ड लिटन यांच्या स्वागताला विरोध का?

लिटन १८७६ ते १८८० या काळात व्हाइसरॉय होते. दख्खनमध्ये १८७६-७८ चा भीषण दुष्काळ पडला तो त्यांच्याच कारकिर्दीत. देशी भाषांतील वृत्तपत्रांवर बंधने घालणारा १८७८ चा कायदाही त्यांचाच. दुष्काळात फुले आणि त्यांचे सहकारी धनकवडीला उपाशी मुलांच्या जेवणाची सोय करत होते आणि त्यासाठी लोकांकडे मदत मागत होते.

लिटन पुण्यास येणार म्हणून शहर सजवून त्यांचे स्वागत करण्यासाठी हजार रुपये खर्चाचा प्रस्ताव नगरपालिकेत आला. फुले यांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, असे त्यांचे म्हणणे होते. मतदान झाले तेव्हा विरोधात एकट्या फुले यांचे मत पडले आणि खर्च मंजूर झाला.

दारूच्या दुकानांबाबत भूमिका काय होती?

जुलै १८८० मध्ये फुले यांनी नगरपालिकेच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष प्लंकेट यांना पत्र लिहिले. शहरात भर वस्तीत दारूची दुकाने वाढत आहेत आणि त्यामुळे कुटुंबे उद्ध्वस्त होत आहेत, असा मुद्दा त्यांनी मांडला. त्यांचा युक्तिवाद केवळ नीतीचा नव्हता. लोकांच्या आरोग्यासाठी पालिका कर्मचारी नेमते आणि पैसा खर्च करते, मग त्याच लोकांचे आरोग्य बिघडवणारी दुकाने कशी चालतात, असा त्यांचा रोख होता.

अडचण अधिकाराची होती. दुकानांचे परवाने सरकार देत असे आणि अबकारीचे उत्पन्नही सरकारचेच. त्रास मात्र वस्तीला आणि खर्च पालिकेला. दारूच्या दुकानांवरून आजही होणाऱ्या वादांत ही गुंतागुंत दिसते.

मंडईचा वाद नेमका काय होता?

तेव्हा पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरे. त्याऐवजी मोठी, पक्की मंडई बांधण्याची योजना १८८० नंतर पुढे आली. फुले आणि त्यांचे स्नेही, सदस्य हरी रावजी चिपळूणकर यांनी तिला विरोध केला. एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करावा, अशी त्यांची भूमिका होती.

योजना मंजूर झाली. अष्टकोनी मनोऱ्याची भव्य इमारत उभी राहिली आणि १८८६ मध्ये तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. मंडई शहराच्या उपयोगी पडली, हेही खरे. फुले यांचा आक्षेप होता तो खर्चाच्या क्रमाला.

हंटर आयोगाला काय सांगितले?

ऑक्टोबर १८८२ मध्ये फुले यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिले. त्यात बारा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची सक्ती आणि शिक्षकांना बरा पगार या मागण्या होत्या. शेतकऱ्यांच्या कष्टातून सरकारी तिजोरी भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, ही त्यांची तक्रार होती.

पालिकांविषयीची सूचना लक्षवेधी आहे. मोठ्या शहरांत प्राथमिक शाळांचा खर्च पालिकांनी उचलावा, पण शाळांचा कारभार पूर्णपणे त्यांच्या हाती देऊ नये, असे फुले यांनी सुचवले. सभागृहात कोण बसते आणि कोणाला तेथे जागाच नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

पुढे काय झाले?

सुमारे सहा वर्षांनी त्यांचे सदस्यत्व संपले. १८८३ मध्ये त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिले. मे १८८८ मध्ये मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला. तरीही डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पूर्ण केले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. घरामागे दफन व्हावे ही त्यांची इच्छा होती, पण वस्तीत दफनाला नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही. दहन करून अस्थी घराच्या आवारात ठेवण्यात आल्या. तेथेच आज त्यांची समाधी आहे.

१९२५ मध्ये केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत फुले यांच्या पुतळ्याचा प्रस्ताव मांडला. तो फेटाळला गेला. त्यानंतर दशकभराने, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना, रे मार्केटला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. ज्या इमारतीच्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता, तीच आता महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते.

आज याचा संबंध काय?

पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांनी सुचवलेली कामे अंदाजपत्रकात घेण्याचा उपक्रम सुरू केला. आपल्या प्रभागासाठी काम सुचवताना फुले यांची कसोटी आजही लावता येते : कर भरणाऱ्या सर्वांना या कामाचा उपयोग होईल का आणि याच पैशात आधी करण्यासारखे दुसरे काही राहून जात आहे का?