गर्ट्रूड इलियन

गर्ट्रूड बेल इलियन (२३ जानेवारी १९१८ – २१ फेब्रुवारी १९९९) या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. प्युरीन गटातील रेणूंवरील त्यांच्या संशोधनातून रक्ताचा कर्करोग, अवयवरोपण, गाऊट व नागीण यांसाठीची औषधे निर्माण झाली. १९८८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना जॉर्ज हिचिंग्ज व जेम्स ब्लॅक यांच्यासमवेत मिळाले.

जीवन

इलियन यांचा जन्म न्यू यॉर्क येथे झाला. त्या १५ वर्षांच्या असताना आजोबा कर्करोगाने वारले. या घटनेमुळे त्या रसायनशास्त्राकडे वळल्या. १९३७ मध्ये हंटर कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या. परंतु स्त्री असल्यामुळे संशोधनाची संधी त्यांना सहजी मिळाली नाही. काही काळ त्यांनी शाळेत अध्यापनही केले. १९४१ मध्ये त्यांच्या नियोजित वराचा हृदयाच्या जंतुसंसर्गाने मृत्यू झाला. पेनिसिलीन तेव्हा सर्वत्र उपलब्ध नव्हते. इलियन आजन्म अविवाहित राहिल्या.

१९४४ मध्ये त्या बरोज वेलकम कंपनीत हिचिंग्ज यांच्या साहाय्यक झाल्या. डॉक्टरेटसाठी पूर्णवेळ विद्यार्थी व्हावे, अशी विद्यापीठाची अट होती. त्यांनी नोकरी न सोडता पदवीचा नाद सोडला.

संशोधन

विभागणाऱ्या पेशीला नवे डीएनए घडवण्यासाठी प्युरीन लागते. प्युरीनसारखा भासणारा, पण पेशीचे काम अडवणारा रेणू तयार करणे, ही दोघांची पद्धत होती. त्यातून तयार झालेल्या ६-मर्कॅप्टोप्युरीनला १९५३ मध्ये मान्यता मिळाली. रक्ताच्या कर्करोगाने पीडित बालकांना त्याने आराम पडे. परंतु अनेकांना आजार पुन्हा गाठी. पुढे इतर औषधांच्या जोडीने उपचार परिणामकारक झाले.

प्रतिकारशक्तीतील टी-पेशीही वाढीचा संकेत मिळताच झपाट्याने विभागतात. म्हणून प्युरीनचा पुरवठा अडला की संकेत मिळूनही त्यांची संख्या वाढू शकत नाही. हे तत्त्व अझाथायोप्रीन या औषधात उपयोगी पडले. १९६२ मध्ये त्याच्या साहाय्याने नात्यात नसलेल्या व्यक्तीच्या मूत्रपिंडाचे रोपण बॉस्टन येथे यशस्वी झाले.

१९७५ मध्ये एलॉइज गिब्लेट व सहकाऱ्यांनी दाखवले की, प्युरीन न्यूक्लिओसाइड फॉस्फोरिलेज या विकराच्या अभावी टी-पेशी दुर्बळ होतात. साचलेला डीऑक्सिग्वानोसीन हा न्यूक्लिओसाइड टी-पेशींना घातक ठरतो. या दुर्बळतेचाच उपयोग करून टी-पेशींच्या कर्करोगासाठी नेलाराबीन तयार झाले. निवृत्तीनंतर इलियन यांनी त्याच्या विकासात सहभाग घेतला. २००५ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, त्याला मान्यता मिळाली.

सन्मान

१९९१ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञानपदक मिळाले. संशोधनाची डॉक्टरेट नसतानाही त्यांनी नोबेल मिळवले; सन्माननीय डॉक्टरेट पदव्या मात्र अनेक विद्यापीठांनी दिल्या. चॅपल हिल येथे त्यांचे निधन झाले.