संत गोन्सालो गार्सिया आणि नागासाकीचे स्मारक

मराठी, कन्नड आणि उर्दू या भाषा बालपणापासून ज्यांच्या कानांवर पडतात, त्या आपल्या सीमाभागातील विद्यार्थ्यांस दुभाष्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. येथे अशाच एका दुभाष्याचे चरित्र सांगावयाचे आहे. संत गोन्सालो गार्सिया हे भारतभूमीत जन्मलेले पहिले कॅथॉलिक संत होत.

इ. स. १५५६ च्या सुमारास वसई येथे त्यांचा जन्म झाला. त्या काळी वसईवर पोर्तुगीजांची सत्ता होती. वडील पोर्तुगीज, तर आई वसईचीच. जेझुइट धर्मगुरूंपाशी त्यांचे शिक्षण झाले व कोवळ्या वयातच ते त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील कठीण भाषा त्यांनी लवकरच आत्मसात केली. जेझुइट संघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनीषा मात्र सफल झाली नाही. मग त्यांनी व्यापार केला. त्यात यशही आले, पण मनास शांती लाभेना. अखेर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले.

१५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता मनिलाहून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे वकील म्हणून गेले. त्यांचे दुभाषी गोन्सालोच होते. हिदेयोशीने त्यांना राहण्याची अनुज्ञा दिली. क्योटो येथे या संन्याशांनी प्रार्थनामंदिर उभारले आणि कुष्ठरोग्यांची शुश्रूषा आरंभिली. परंतु १५९६ साली ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटले. त्या प्रकरणातून, धर्मोपदेशकांच्या मागोमाग परकी सैन्य येईल, असा संशय बळावला आणि अटकसत्र सुरू झाले. गोन्सालोंनी राजदरबारी उच्चारलेले शब्द दुसऱ्यांचे होते. शिक्षा मात्र त्यांच्याही वाट्यास आली.

बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली. ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. वाटेत आणखी दोघांची भर पडून संख्या २६ झाली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन व वीस जपानी होते. सर्वांत धाकटा अवघ्या बारा वर्षांचा होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सर्वांना क्रुसावर चढविण्यात आले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले.

या हुतात्म्यांचे स्मारक कसे असावे? १८६४ साली फ्रेंच धर्मगुरूंनी नागासाकीत ओउरा येथे त्यांच्या नावे ख्रिस्तमंदिर बांधले, तेव्हा त्याचे मुख निशिझाकाच्या दिशेस ठेवले. पुढल्याच वर्षी, अडीचशे वर्षे गुप्तपणे धर्म पाळणारे जपानी ख्रिस्ती तेथे येऊन धर्मगुरूंना भेटले. संतपदाच्या शताब्दीस, १९६२ साली, वास्तुकार केन्जी इमाई यांनी खुद्द त्या टेकडीवर स्मारक व संग्रहालय उभारले. स्पेनमधील गौडी या वास्तुकाराच्या कलेचा त्यांच्यावर प्रभाव होता. शेजारच्या ख्रिस्तमंदिराचे दोन उंच मनोरे पाहताच तो ध्यानी येतो. स्मारकावरील कांस्यशिल्प यासुताके फुनाकोशी यांनी घडविले. तेथे सव्वीसही जण ओळीने उभे आहेत, पण त्यांची पावले भूमीस टेकलेली नाहीत. जणू ते स्वर्गाकडे निघाले आहेत. शिल्पकाराने यातना कोरल्या नाहीत, श्रद्धा कोरली.

त्या ओळीत वसईचे गोन्सालोही आहेत. मायदेशी वसईजवळ गास येथील चर्च त्यांचे नाव धारण करून उभे आहे. परक्यांची भाषा प्रेमाने शिकून त्यांच्या दुःखात सहभागी होणे, हा त्यांच्या चरित्राचा बोध सर्वधर्मीयांस सारखाच अनुकरणीय आहे.